दैत्याबाचं अर्धं नाव

आमच्या बीबी गावात कोणाचं नाव कसं पडलं हे विचारायची गरज नसते, ते सगळ्यांना माहीत असतं. उकंडरावाला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. आधीची दोन मुलं गेली होती, हे तरी जगावं म्हणून. कडूबाचंही तसंच. ही नावं गावोगाव सापडतात. पण दैत्याबाचं नाव पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाचंच नव्हतं, आणि त्यामागची गोष्ट गाव केव्हाच विसरलं होतं.

त्याच्या आईने लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात नवस केला होता. लोणासुर नावाच्या दैत्याला विष्णूने तिथे मारलं, म्हणून तो देव दैत्यसूदन. सूदन म्हणजे मारणारा. मुलगा झाला तर देवाचंच नाव ठेवीन, असं ती कबूल करून आली आणि मुलगा झाला.

बारशाला पाळण्यावर वाकली ती मुलाची आत्या, तानाबाई. आपल्याकडे आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तानाबाईने हे लांबलचक नाव सकाळपासून घोकलं होतं. ती वाकली आणि म्हणाली, "दैत्य..." तोवर बायकांना वाटलं, झालं नाव. दणादण धपाटे पडले. तानाबाईला ठसका लागला आणि नावाचा उरलेला भाग तिच्या तोंडातच राहिला. कानात गेलं ते नाव, असा रिवाज. देवाचं नाव ठेवायला निघालेल्या घरात दैत्य आला.

लहानपणी तो दैत्या होता, मोठा झाल्यावर दैत्याबा झाला. अंगाने थोराड, रंगाने काळा, मिशा जाड. गावात दंडार, म्हणजे सोंगांचं नाटक, बसायची तेव्हा लोणासुराचं सोंग त्याच्याशिवाय कोणाला मिळायचं नाही. एकदा त्याने भीत भीत विचारलं होतं, "यंदा मी देव होतो ना."

"तू देव झाल्यावर दैत्य कोन होईन बे?" उकंडराव म्हणाला. "अन् तुले मारीन कोन?"

सगळे हसले, तोही हसला. त्याने परत कधी विचारलं नाही.

आपलं खरं नाव मोठं आहे, हे त्याने आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. लग्नात बायकांनी नवरीला अडवलं, नाव घे म्हणून. शालूबाईने उखाणा घेतला आणि त्यात नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं. तिला ते सासूने शिकवलं होतं. पण नेमका त्याच वेळी वाजंत्र्यांनी सूर धरला आणि ते शेजारी उभ्या नवरदेवाशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही. त्यानंतर शालूबाईने ते कधी उच्चारलं नाही. नवऱ्याचं नाव बाई घेत नसते.

महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा गावात विजेचे खांब आले. खांबांबरोबर एक वायरमन आला. मोताळ्याकडचा, विशीतला, गोरटेला. कमरेला पट्टा, पट्ट्यात पक्कड. खांबावर असा चढायचा की खाली म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. ज्या संध्याकाळी पहिल्यांदा चावडीवरचा दिवा लागला, त्या संध्याकाळी पाटलांनी त्याला हार घातला आणि विचारलं, "नाव काय बाप्पा तुमचं?"

"सूदन," तो म्हणाला.

दैत्याबा गर्दीत मागे उभा होता. त्याने शेजारच्या उकंडरावाचा दंड धरला. "काय म्हने हा?"

"सूदन म्हने. मस्त नाव हाये ना?"

"माहं हाये ते."

"तुहं नाव दैत्या हाये. गप."

खरं तर त्या पोराचं नाव मधुसूदन होतं. मधू नावाच्या दैत्याला मारणारा तो मधुसूदन. हे शाळेतल्या गुरुजींनी दैत्याबाला समजावून सांगितलं. दैत्याबा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे त्याच्याजवळ सोताचं अर्धं होतं, गुरुजी. ते घरी ठेवून आला अन् माहं घालून फिरून राह्यला."

त्यानंतरच्या दोन वर्षांत गावात जन्मलेल्या पोरांची नावं बघा. पाटलांच्या थोरल्या मुलाचा सूदन. सुताराचा सूदन. वरच्या आळीत सूदन, बौद्धवाड्यात सूदन. नुसत्या सूदनचा अर्थ नुसता मारणारा, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. त्यांच्या दृष्टीने सूदन म्हणजे उजेड. आजूबाजूच्या खेड्यांतही जिथे जिथे खांब गेले, तिथे तिथे पाळण्यात सूदन आले.

दैत्याबाची मोठी पंचाईत झाली. रस्त्यात कोणी आई ओरडायची, "सूदन, चिखलात नको जाऊ!" आणि याची मान आपसूक वळायची. त्याला त्या नावाने जन्मात कोणी हाक मारली नव्हती, तरी मान वळायची. मग तो तिथेच थुंकायचा, जणू त्यासाठीच वळला होता.

त्याने घरात वीज घेतली नाही. मुलगा निवृत्ती मागे लागला, तर म्हणाला, "कंदिलाले काय झालं?" शेजारी उकंडरावाकडे दिवा होता. त्याचा उजेड भिंतीवरून दैत्याबाच्या अंगणात पडायचा. दिवेलागण झाली की दैत्याबा उठायचा, बाज उचलायचा आणि उजेडाच्या पट्ट्याबाहेर सावलीत नेऊन टाकायचा.

उकंडराव भिंतीवरून बघायचा. "चावते काय रे लाईट?"

"डोये दुखते माहे."

"डोये नाई दुखत तुहे. पोट दुखते."

एका गोष्टीचा अर्थ मात्र कोणाला कळला नव्हता. शालूबाई वायरमनला 'लाईटवाला दादा' म्हणायची आणि गावातल्या सगळ्या बारक्या सूदनांना सरसकट 'बापू'. लोकांना वाटायचं, म्हातारीला नवं नाव जमत नसेल.

दोन वर्षांनी दंडार पहिल्यांदा विजेच्या दिव्याखाली करायची ठरली. नवलाई दाखवायची म्हणून दिवस मावळताच सुरू केली. देवाचं सोंग कोणाला, यावर चर्चाही झाली नाही. सूदन वायरमनला पितांबर नेसवला, मुकुट घातला. तो दिसलाही छान. दैत्याबा तोंडाला काजळी फासून समोर उभा राहिला. मनात म्हणाला, आता कळलं. इतकी वर्षं माझं नाव अर्धं का होतं ते. उरलेलं मला मारायला येणार होतं.

युद्ध झालं. देवाने गदा हाणली. दैत्य पडला नाही.

देवाने परत हाणली.

"पड ना बे!" उकंडराव पडद्याआडून म्हणाला.

"बाबा, पडा ना," सूदन हळूच म्हणाला. "लोक पाहून राह्यले."

"नाई पडत."

"काऊन पन?"

"तू पड."

लोक हसायला लागले. सूदन घामाघूम झाला. तेवढ्यात फट् आवाज झाला आणि दिवा गेला. सूदन मुकुट काढून खांबाकडे पळाला, पितांबर खोचून वर चढला आणि फ्यूज बांधला. दिवा आला तेव्हा रिंगणात दैत्य एकटाच उभा होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. क्षणभर दैत्याबाची छाती फुगली. मग त्याने बघितलं, सगळ्यांच्या माना खांबाकडे होत्या.

त्याच हिवाळ्यात निवृत्तीला मुलगा झाला.

सून पुष्पा गुणाची होती. सासऱ्याच्या ताटात भाकरी कधी थंड पडू दिली नाही तिने. पण माहेरी बाळंत होऊन परतली ती नाव ठरवूनच. भाकरी वाढताना म्हणाली, "मामाजी, आपल्या बाळाचं नाव सूदन ठेवतो. माहेरी सगळ्यायले आवडलं."

दैत्याबाचा घास हातात राहिला. नाही म्हणायचं, तर कारण काय सांगायचं? ते माझं नाव आहे म्हणायचं? ऐकणार कोण? सून सासऱ्याचं नाव तोंडात घेत नाही. दिवसातून शंभरदा ती पोराला सूदन म्हणून हाक मारणार, गाव ऐकणार, आणि ते नाव या म्हाताऱ्याचं कधी नव्हतंच, हे आपल्याच घरातून आपोआप सिद्ध होणार. बाहेरच्या पोरांचं सोडा. हे तर घरातच घडणार होतं.

"ठेवा," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

बारशाला घर भरलं. आत्या म्हणून दैत्याबाची मुलगी सिंधू सासरहून आली. निवृत्तीने वायरमनलाही घुगऱ्या खायला बोलावलं होतं. तो दारात उभा होता आणि बायका त्याच्याकडे बघून पाळण्याकडे बघत होत्या. दैत्याबा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा. त्याला जावं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

सिंधू पाळण्यावर वाकली.

"थांब," शालूबाई म्हणाली. "ते नाव नाई ठेवता येत."

"काऊन वो आई?"

"पुष्पा हाक कशी मारीन त्याले? सुनेले सासऱ्याचं नाव घेता येते काय?"

पुष्पा गोंधळली. "पन मामाजीचं नाव तं दै..." आणि तिने जीभ चावली.

"ते अर्धं हाये," शालूबाई म्हणाली. "मी काय उगाच त्या लेकरायले बापू म्हनत होती?"

घरात कुजबुज झाली. उकंडरावाची बायको गोजरबाई पुढे आली. "असं हाये तं मंग घेऊन दाखव नाव. आमी तं कधी आयकलं नाई."

शालूबाईने पदर डोक्यावर नीट घेतला. म्हातारी बाई, पण लाजली. आणि बोलली,

"लोणारचं तयं खारं, धारेचं पानी गोड,
दैत्यसूदनरावाच्या नावाले नाई कोठी तोड."

यावेळी वाजंत्री नव्हती.

मग उकंडराव दाराबाहेरून म्हणाला, "आयला, दैत्या! एवढं मोठं होतं तं सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं," दैत्याबा म्हणाला. "तूच गप म्हने."

सूदन वायरमन पुढे आला आणि दैत्याबाच्या पाया पडला. मग हसून शालूबाईला म्हणाला, "आजी, अजून एक डाव घ्या ना नाव. लय गोड वाटलं."

"पुरे!" दैत्याबा एकदम ओरडला. "ज्यानं आयकलं त्यानं आयकलं. हर कोनासाठी नाई हाये ते."

शालूबाईने खाली मान घातली. ती हसत होती.

"मंग कोनतं ठेवू बाबा नाव?" सिंधूने विचारलं. पाठ वाकवून वाकवून ती दमली होती.

दैत्याबा गडबडला. दोन वर्षं एकच नाव राखत बसला होता, दुसरं कोणतं मनात आलंच नव्हतं.

"मी सुचवू काय एखादं?" सूदन म्हणाला.

"तू नको सुचवू!" दैत्याबाने हात झटकला आणि तोंडात आलं ते पहिलं नाव सांगून टाकलं. "सहदेव. सहदेव ठेवा."

पुष्पाने हळूच ते नाव म्हणून बघितलं आणि मान डोलावली. सिंधू परत पाळण्यावर वाकली. बायकांनी हात उगारले.

"थांबा वो!" दैत्याबा कोपऱ्यातून पुढे आला. "आधी पुरं सांगू द्या तिले. मंग मारा."

बायका हात वर धरून थांबल्या. सिंधूने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि सावकाश नाव सांगितलं. शेवटचा 'व' स्वतःच्या कानांनी ऐकू येईपर्यंत दैत्याबा हात आडवा धरून तिथेच उभा राहिला.