सिगारसोबतचा चहा
गुळाचा चहा उकळला की मला आष्टीच्या घरची ती संध्याकाळ आठवते. दुबईहून आलेल्या दिरानं सासऱ्यांसाठी व्हिस्कीत मुरवलेली महागडी सिगार आणली होती. पाकीट उघडताच ओसरीभर व्हिस्कीचा वास पसरला. सासऱ्यांनी दारू सोडून वर्षही झालं नव्हतं, आणि ते दिराला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई दारातच थबकल्या. सासऱ्यांनी सिगार पेटवली, धूर तोंडात घोळवला आणि म्हणाले, "याच्यासंगं काहीतरी पाहिजे." मग ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, गुळाचा चहा टाक, कडक. बराबर जमंल." माझ्याआधी सासूबाईच चुलीकडे गेल्या आणि गुळाचा भलामोठा खडा त्यांनी न फोडताच पातेल्यात टाकला. आजही माझ्या हातून गूळ जरा जास्तच पडतो.