चौदाव्या प्रश्नाचा गोल फेरा

काटाबाईंना हे नाव पडलं ते तराजूच्या काट्यावरून; पायात रुतणाऱ्या काट्यावरून नव्हे. निदान बाई स्वतः तरी असंच सांगत. ज्यांचे गुण त्यांनी कापले होते, त्यांचं मत वेगळं असू शकेल.

तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्या दर वर्षी तीन आठवडे परीक्षा मंडळाच्या तपासणीला जात. सगळ्या शाळांतल्या सातवीच्या मुलांची एकच परीक्षा, एकाच दिवशी. तपासायला लांबलचक खोली, वीस संगणक, वीस माणसं आणि सगळ्यांना मिळून एकच प्रश्न. पडद्यावर मुलाचं नाव नाही, शाळा नाही, फक्त त्याच्या हातचं उत्तर. शून्य, एक किंवा दोन, बटण दाबायचं, पुढचं आलंच. दिवसाला पाचशे. आठवड्याभरात माणूस जेवताना भाजीलासुद्धा गुण द्यायला लागतो.

या गर्दीत मंडळ हळूच काही 'हेर' सोडत असे. म्हणजे ज्यांचे गुण समितीने आधीच ठरवून ठेवलेत अशा उत्तरपत्रिका. तपासणारा जागा आहे की डुलकी काढतोय, ते त्यांवरून कळे. हेराला तीनदा चुकीचे गुण दिले की पडदा बंद. चौदा वर्षांत काटाबाईंचा पडदा एकदाही बंद पडला नव्हता. या गोष्टीचा त्यांना गर्व नव्हता. फक्त ती भेटणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे, एवढंच.

यंदा त्यांच्या वाट्याला चौदावा प्रश्न होता. एक आलेख. आडवी वेळ, उभं मुलाचं घरापासूनचं अंतर. रेघ चढते, मधे दहा मिनिटं सपाट जाते, पुन्हा चढते. 'त्या दहा मिनिटांत मुलगा काय करत असेल? कारण लिहा.' समितीचं उत्तर: मुलगा एका जागी थांबला होता. दोन गुण.

नवव्या दिवशी पडद्यावर एक तिरपं अक्षर आलं. 'तो घराभोवती गोल चालत होता. घर मधोमध. म्हणून अंतर तेवढंच राहिलं.'

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग स्वतःशीच 'वा रे पठ्ठ्या' म्हणत दोन दिले.

लगेच पडद्यावर लाल खूण आली: तो हेर निघाला. समितीने त्याला शून्य दिलं होतं. दुपारी तेच तिरपं अक्षर पुन्हा आलं, तेव्हा बाईंनी ते ओळखलं. पुन्हा दोन. चहानंतर तिसऱ्यांदा आलं. आता काय होणार ते बाईंना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी दोन दाबले आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. पडदा करडा झाला.

पर्यवेक्षिका वयाने बाईंच्या निम्मी. धावतच आली. "काकू, तुमचा? तुमचा पडदा?"

"माझाच. खात्री करून घ्या, मॅडम."

"काही नाही हो, सरावाच्या दहा सोडवा. त्यातही तो आहे, त्याला शून्य द्या, मी लगेच उघडून देते."

"नाही द्यायची."

"मग मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल. नियमच आहे."

"अगं, मग पाठव की," बाई म्हणाल्या. मॅडमची 'अगं' झाली, तेव्हा आसपासच्या चार माना वळल्या.

घरी यजमानांनी ऐकून घेतलं. ते घड्याळजी, भिंग डोळ्याला लावूनच बोलत. "माझ्या दुकानात वीस घड्याळं आहेत. एकोणीस म्हणतात दहा वाजले, एक म्हणतं अकरा. मी कुणाला उघडून बघू?"

"एकोणीस घड्याळं लावली कुणी?"

"मीच."

"एकाच वेळेला?"

घड्याळजींनी भिंग काढलं. "उद्या लवकर जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई पर्यवेक्षिकेच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. तिच्या मोबाइलच्या चार्जरची वायर काढली, एक टोक तिच्या कपाखाली दाबलं, दुसरं चमच्याला गुंडाळलं आणि वायर ताणून चमचा कपाभोवती फिरवू लागल्या.

"हा कप घर. हा चमचा मुलगा. चालतोय ना?"

"चालतोय."

"घरापासून किती लांब?"

पर्यवेक्षिका चमच्याकडे बघत राहिली. तिच्या कागदांवर चहा सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं. "वायरीएवढाच," ती हळू म्हणाली. "काकू, पण आपण नऊ दिवस..."

"हो. शून्य देतोय. कितीजणांना, ते देव जाणे."

तिने समितीला फोन लावला. पलीकडून आधी नियम ऐकू आले, मग कुणीतरी कागदावर वर्तुळ काढत असावं तसा लांब हुंकार. दुपारी उत्तर आलं: हे उत्तर बरोबर, दोन गुण, आतापर्यंतची सगळी शून्यं पुन्हा पाहावीत.

खोलीत एकच कण्हणं उठलं. एक माजी मुख्याध्यापक म्हणाले, "काटाबाई, तुमच्यापायी माझी सुट्टी गेली."

"माझीपण गेली. बसा."

चार दिवसांत नऊ हजार शून्यं चाळून झाली. गोल फिरणारी मुलं निघाली दोनशे बारा. शेवटची सापडली ती मुख्याध्यापकांनाच, आणि ते खुर्चीतून उठून सगळ्यांना दाखवत फिरले, जणू स्वतःच्या नातवाने लिहिलंय. समितीच्या उत्तरसूचीत नवी ओळ आली. तिच्याखाली बाईंचं नाव नव्हतं. तशी पद्धतच नाही. घड्याळजींनी मात्र ती ओळ वहीच्या कागदावर उतरवून घेतली आणि दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवली. गिऱ्हाईक सेल बदलायला येतं आणि अर्धा तास आलेख समजावून घेऊन जातं.

तपासणीच्या शेवटच्या दिवशी बाईंच्या पडद्यावर एक उत्तर आलं: 'मुलगा चालत होता आणि घरपण त्याच्याबरोबर चालत होतं.'

बाई बराच वेळ त्याकडे बघत बसल्या. गणितात चूक नव्हती. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, जरा इकडे या," त्या म्हणाल्या, आणि वीसच्या वीस माणसांनी डोक्याला हात लावला.