दोन्हीकडे सारखं

काही माणसांचा राग येतो, काहींची कीव येते. समोरच्या जिन्याखाली बसणाऱ्या माणसाची मला किळस येते. हे आडपडदा न ठेवता सांगते, कारण गल्लीत अजूनही त्याचं कौतुकच चालतं. किती स्वच्छ, किती नम्र, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझं चष्म्याचं दुकान त्याच्या बरोब्बर समोर आहे. अकरा वर्षं मी काउंटरवर बसून काचा घासते आहे आणि मान वर केली की हाच दिसतो.

त्याला सगळे स्पिरिट म्हणतात. पाठीमागे, अर्थात, तोंडावर भाऊ. पूर्वी तो एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि यानं तिथला जुना कॉम्प्युटर, दोन स्टुलं आणि कापसाचा डबा उचलून जिन्याखाली बस्तान बसवलं. लोकांच्या फोनमध्ये गाणी आणि व्हिडिओ भरून द्यायचे, हा धंदा. तेव्हा फोनवरचं इंटरनेट म्हणजे नुसता वैताग होता. एक गाणं उतरवायला लावावं आणि तोवर घरची सगळी भांडी घासून व्हावीत. त्यामुळे याच्याकडे सकाळपासून रांग. फोन हातात आला की तो आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा, पुढून, मागून, कडाकडांनी, आणि मग वायर जोडायचा. वापरलेला बोळा दोन बोटांच्या चिमटीत धरून डब्यात टाकायचा. दुसऱ्याच्या हाताचा घाम त्याला खपत नसे. जेवणाआधी तीनदा हात धुवायचा आणि डबा उघडल्यावर झाकणावरचं पाणीसुद्धा टिपून घ्यायचा.

त्याची कामाची एक पद्धत होती. बाकीचे दुकानदार एकेक गाणं निवडून भरत बसायचे. यानं कुठूनसा एक प्रोग्राम मिळवला होता. तुम्ही सांगाल ते कप्पे कॉम्प्युटरमधून फोनमध्ये जायचे आणि त्याच वेळी फोनमध्ये असेल नसेल ते सगळं कॉम्प्युटरमध्ये यायचं. एकच बटण. याला तो ‘सारखं करणं’ म्हणायचा. पुढे सगळी गल्लीच तसं म्हणायला लागली. बायका बाजारात जाताजाता फोन त्याच्याकडे टाकायच्या, ‘भाऊ, जरा सारखा करून ठेवा.’ याची गाणी त्याला, त्याची तिसऱ्याला, म्हणून तर कुठेही न मिळणारं गाणं याच्याकडे हमखास सापडायचं. आम्ही म्हणायचो, काय साठा आहे माणसाकडे. तो साठा आमच्याच खिशांतून गेलेला होता, हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर दिवसभर समोर बसून बघत होते.

कप्प्यांना त्यानं साधी नावं दिली होती: जुनी, नवी, लहान मुलं, झोपेची. आणि एक होता ‘हसा’. सगळ्यात जास्त मागणी त्याला. त्यात हसा एक, हसा दोन, असे नंबर टाकलेले छोटे छोटे व्हिडिओ. कुणी शिडीवरून घसरतंय, कुणी भाषण करता करता रडायला लागतंय, कुणा म्हाताऱ्याची मेणबत्ती फुंकताना कवळी केकवर पडतेय. ती कवळी मी किती वेळा पाहिली असेल त्याची गणती नाही. गिऱ्हाईक नसलं की पुन्हा लावायचे आणि एकटीच खुदुखुदु हसायचे. तो म्हातारा कुणाचा तरी बाप असेल, आणि हे कुणी कशासाठी टिपलं असेल, असला प्रश्न मला कधी पडला नाही. आता आठवलं की तोंडाला कडू पाणी सुटतं.

त्याचा स्वतःचा फोन मात्र बटणांचा, जुनापुराणा. त्यात ना गाणं ना चित्र. एकदा मी त्याला त्यावरून छेडलं तर म्हणाला, मॅडम, कुणाकुणाचं काय काय येत असतं, ते आपल्या खिशात कशाला. मला वाटलं, काय समंजस माणूस आहे.

आता माझ्या ताईबद्दल. दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही दोघी बहिणी राहतो. ताई शाळेत गणित शिकवायची. बोलण्यात अशी फटकळ की मुख्याध्यापकसुद्धा तिच्याशी तोलूनमापून बोलत. मागच्या वर्षी एका सकाळी ती चहा गाळताना खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. हातपाय महिन्याभरात परत आले, पण वाचा गेली. शब्द डोक्यात तयार असायचा आणि तोंडातून भलताच यायचा. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी मला सांगितलं की रोज पाच मिनिटं हिला चित्रं दाखवा, नावं म्हणायला लावा आणि फोनवर टिपून ठेवा, म्हणजे सुधारणा कळेल. गाणीही ऐकवा, गाण्यातून शब्द लवकर सुटतात.

मी दोन्ही केलं. रोज फोन समोर धरून ताईला टिपलं. आणि तिच्या आवडीची जुनी गाणी हवीत म्हणून तोच फोन रस्ता ओलांडून स्पिरिटच्या हातात दिला. एकदा नाही, तीन-चार वेळा. त्यानं तो नीट पुसला, सारखा केला आणि दोन्ही हातांनी परत दिला. ताईंना आराम पडो म्हणाला.

आठ महिन्यांनी ताई बोलायला लागली. हळू, एकेक शब्द ठेवून, पण बरोबर. मुख्याध्यापक म्हणाले, सुरुवातीला एक वर्ग घ्या, सातवीचा, जमलं तर पुढचं बघू. जमलं नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ताईला शाळेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. ना नवरा, ना मूल, ना देवदेव. तो एक तास मिळवण्यासाठी तिनं आठ महिने जीभ झिजवली होती. आदल्या दिवशी तिनं मला समोर बसवून अपूर्णांकांचा अख्खा धडा दोनदा शिकवला.

ती साडेदहाला गेली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी परत आली. दुकानात न थांबता वर गेली आणि खुर्चीत बसली. काय झालं म्हणून मी दहादा विचारलं. उत्तर नाही. तो दिवस गेला, दुसरा गेला. जी बाई कालपर्यंत ‘छेद समान करा’ म्हणत होती, ती मानेनं हो-नाही करायला लागली. पाणी हवं असलं तरी बोटानं तांब्या दाखवायची.

तिसऱ्या दिवशी शाळेतल्या चित्रकलेच्या बाई चष्म्याची सैल झालेली दांडी घट्ट करायला आल्या. दांडी घट्ट झाली तरी त्या निघेनात. शेवटी त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि आवाज बंद करून माझ्यासमोर धरला, तेवढी लाज त्यांनी राखली. हसा सत्तावीस. आमची स्वयंपाकाची खोली, आमचा टेबलक्लॉथ आणि ताई. मी तिला चमच्याचं चित्र दाखवते आहे. ती तोंड उघडते, ओठ वेडेवाकडे होतात, हनुवटीवर लाळ येते, मान हलते, पुन्हा प्रयत्न करते. बाई म्हणाल्या, अर्ध्या शाळेकडे हे आहे. त्या दिवशी ताईनं फळ्यावर गणित लिहिलं, पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्याच तेव्हाच्या बोलण्यात चमचा मागितला. मग सगळा वर्ग. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण व्हिडिओ त्यांच्या फोनमध्ये होताच की. त्यांनीही तो पाहिला होता, मग ओळखला होता.

मी दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडला. स्पिरिट कुणाचा तरी फोन पुसत होता. मी त्याला विचारलं, माझ्या बहिणीचा व्हिडिओ तुझ्याकडे कसा. आजवर मी त्याला अहो-जाहो करत आले होते, त्या दिवशी एकेरीवर आले. त्यानं बोळा टाकला, हात पुसले आणि शांतपणे सांगितलं की तो कुणाचं काही बघत नाही, मशीन घेतं आणि मशीन देतं, तो फक्त सारखं करतो. मी म्हटलं, मशीननं ‘हसा’ असं नाव नाही लिहिलं. कुणीतरी बघून ठरवलं की ही बाई झोपेच्या कप्प्यात नाही जायची आणि लहान मुलांच्याही नाही.

तो म्हणाला की दुपारी गर्दी नसते तेव्हा आलेलं सगळं तो कप्प्यांत लावतो. पूर्ण बघत नाही, थोडं थोडं. बघवत नाही म्हणाला. लोकांच्या फोनमध्ये काय काय घाण असते, तुम्हाला कल्पना नाही मॅडम. दुसऱ्याच्या घामाला शिवताना नाक मुरडणारा हा माणूस रोज दुपारी डबा धुऊन ठेवल्यावर गल्लीतल्या प्रत्येक घरात डोकावून येत होता, आणि वर घाण आमचीच.

“आजारी बाई दिसत नव्हती तुला?” मी विचारलं.

“मला वाटलं घरातली गंमत आहे,” तो म्हणाला. “मागे कुणीतरी हसतंय ना. हसण्याचा आवाज असला की मी त्या कप्प्यात टाकतो. असंच लावतो मी.”

मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. त्यावर त्यानं व्हिडिओ लावला आणि स्पीकरचा आवाज वाढवला. ताई तोंड उघडते, भलताच शब्द येतो, ती पुन्हा जोर लावते, पुन्हा तोच. आणि फोनच्या अगदी जवळून, दाबून धरलेलं आणि मग नाकातून सुटलेलं एक हसू. रांगेतल्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. समोर राहणाऱ्या माणसांना एकमेकांचं हसू माहीत असतं.

त्या दिवशी मी दमले होते, दुकानात भांडण झालं होतं, शब्दही विचित्रच आला होता. ही सगळी कारणं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत, एकही टिकत नाही. स्पिरिट मात्र वाद जिंकल्यासारखा दिसला नाही. उलट मदतीला पुढे झाला. त्यानं माझ्यासमोर सत्तावीस नंबर पुसून टाकला आणि समजावलं की आता ज्याचा ज्याचा फोन पुन्हा त्याच्याकडे येईल, त्याच्यातूनही हे निघून जाईल, कारण सारखं म्हणजे दोन्हीकडे सारखं, इथून पुसलं की तिथूनही पुसलं. फक्त लोक यायला हवेत, तेवढं तुम्ही बघा, म्हणाला. मग नवा बोळा काढून त्यानं बोटं पुसली आणि पुढच्याला हाक मारली.

या माणसाचं दुकान मी बंद पाडणार होते. त्याऐवजी पुढचे चार दिवस मी माझ्या काउंटरवर बसून त्याची जाहिरात केली. चष्मा न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, समोर नवीन गाणी आलीत, फोन सारखा करून घ्या. शाळेच्या फाटकाशीही जाऊन तेच सांगून आले. शब्दागणिक स्वतःचीच शिसारी येत होती. त्याची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली आणि त्यानं लांबून मला नमस्कार केला.

ताई वरच्या खिडकीतून हे बघत होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी वर गेले तर ती टेबलापाशी बसली होती. आठवड्याभरात पहिल्यांदाच तिनं तोंड उघडलं आणि विचारलं की मी लोकांना तिकडे का पाठवते. मी सगळं सांगितलं. त्याची पद्धत, कप्पे, पुसणं, तो कसा नीच आहे ते. मघापासून तुम्हाला सांगते आहे तसंच, तावातावानं. एक गोष्ट सोडून.

ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, “वर्गात... दोघं होते. एकानं... माझं बोलून दाखवलं.”

मी म्हटलं, सोड ना ताई, पोरं आहेत.

“दुसऱ्यानं... तुझं हसून दाखवलं,” ती म्हणाली. “अगदी... तसंच. मी लगेच... ओळखलं.”

तू तेव्हा ऐकलं होतंस का, मी विचारलं. ताईनं माझ्याकडे बघितलं, गणित चुकलेल्या पोराकडे बघायची तसं, आणि म्हणाली, “वाचा गेली होती. कान... नव्हते गेले.”

सोमवारी ती पुन्हा शाळेत गेली. त्याच वर्गावर, त्याच तासाला. पुढे तिला दुसराही वर्ग मिळाला. त्या सोमवारी मी सोबत जायला निघाले तर नको म्हणाली, आणि तिचा नको हा शब्द आता अगदी स्पष्ट येतो. बोलायचा सराव ती अजून रोज करते, पाच मिनिटं. मी घरात असले की ती आधी आतून कडी लावून घेते.