हजेरीपटातली अकरा नावं

डांबरगोळ्यांचा वास आला की लोकांना ट्रंक आठवते, लग्नाचा शालू आठवतो. मला आठवते पाच सप्टेंबरची सकाळ. वर्षभर खडू, ओली छत्री आणि पोरांच्या खिशातल्या चिंचा यांचा वास वागवणारी आमची शाळा त्या एका सकाळी आईच्या ट्रंकेतून काढलेल्या साड्यांच्या वासानं घमघमून जायची. दहावीच्या मुली साड्या नेसून येत. कुणाची घोट्याच्या चार बोटं वर, कुणाची पायात घोळणारी, आणि सगळ्यांच्या निऱ्या सेफ्टी पिनांच्या भरवशावर! मुलं बापाचा कोट घालून येत आणि बाह्यांतून हात शोधत फिरत. शिक्षक दिन म्हणजे आमच्याकडे स्वयंशासनाचा दिवस. दहावीची पोरं त्या दिवशी शिक्षक होत, त्यांच्यातलाच एक मुख्याध्यापक होई, आणि आम्ही खरे शिक्षक व्हरांड्यात खुर्च्या टाकून चिवडा खात बसत असू. इतकं निर्मळ, इतकं निरुपद्रवी नाटक दुसरं कोणतं असेल?

हसू आलं ना? येऊ द्या. मी हसवण्यातच जन्म घालवला आहे. गणपतीत माझ्या नकला ठरलेल्या, दंडारीच्या खेळातलं माझं सोंग पाहायला चार गावं लोटत. पण आज मी रागावणार आहे. हा राग बरीच वर्षं मुरला आहे, आणि लोणच्यासारखाच तो मुरता मुरता अधिक झोंबरा झाला आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. समुद्रपूरकडच्या एका गावात हायस्कूलला मी मराठी शिकवत होतो. दहावीनंतर पुढे काय, हा प्रश्न आमच्या मुलांना पडतच नसे, कारण उत्तर आधीच दारात येऊन उभं असे: मुलासाठी वखर, मुलीसाठी सोयरीक. म्हणून शनिवारची अर्धी शाळा सुटली की ज्यांना कॉलेजात जायचं आहे, पुढे डी.एड. करून मास्तर व्हायचं आहे, अशा दहा-बारा जणांना मी थांबवून घेई. अर्ज कसा भरायचा, हे शिकवी. अर्ज भरताना कळे की आख्खा वर्ग एकाच तारखेला, एक जूनला जन्मलेला आहे. त्या दिवशी तालुक्यातल्या सुइणींची काय तारांबळ उडाली असेल! मुलाखतीचा सराव असला की मीच खुर्चीतला साहेब होई, मीच वसतिगृहाची खाष्ट बाई, आणि पाठाचा सराव असला की मीच मागच्या बाकावरचा वात्रट कार्टा. खडू किरकिरला तर मोडून अर्धा करा. फळ्यावर लिहिताना वर्गाला पाठ दाखवू नका. आणि सगळ्यांत आधी, हजेरी. हजेरी म्हणजे नावं वाचणं नव्हे, असं मी छातीवर हात ठेवून सांगत असे. नाव उच्चारा, मान वर करा, त्या लेकराचं तोंड पाहा, आणि मगच लेखणी टेकवा! काय आवाज लागायचा माझा! ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस खोटं कधी लिहीतच नसेल.

त्या दहा-बारा जणांत वनिता होती. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ती पाठाचा सराव करी. समोर विद्यार्थी म्हणून धाकटी बहीण आणि दोन बैल. कसं चाललंय, असं विचारलं तर गंभीरपणे म्हणाली, “बैल जास्त ध्यान देते, सर.” पोरीत मास्तरीण होती. ती घडवावी लागणार नव्हती, फक्त तिची वाट कुणी अडवू नये, एवढंच पुरे होतं.

वाट एकाच ठिकाणी अडत होती. कॉलेज वर्ध्याला, आणि वर्ध्याच्या मुलींच्या वसतिगृहात मुख्याध्यापकाच्या शिफारसपत्रावाचून जागा मिळत नसे. वनिताचा बाप गणपतराव पोळ्याच्या आधी शाळेत आला, चपला बाहेर काढून पायरीवरच बसला. “मास्तर, पोट्टी म्हन्ते मास्तरीण होतो. मले काही कळत नाई. तिच्या मामानं पोरगा पाहून ठेवला. तुमचे हेडसर कागदावर लिहून देत असन, तं मी मामाले थांबवतो. नाई तं तुळशीचं लगन झालं का हिचंबी उरकतो.” हेडसर तेव्हा खुल्या दिलानं म्हणाले, “देऊ ना, गणपतराव! गुणाची पोरगी हाये.” गणपतराव हात जोडून गेला. म्हणजे कागदाचा एक चिटोरा, त्यावर एक सही, आणि त्या सहीवर एका पोरीचं सबंध आयुष्य!

पाच सप्टेंबरला वनिताच्या वाट्याला आठवी ब आली. ती माझीच तुकडी. अंगावर आईचं हिरवं लुगडं, हातात खडू. आता रिवाज असा की त्या दिवशीच्या लुटुपुटीच्या शिक्षकांनी हजेरी कोऱ्या कागदावर घ्यायची, आणि मागाहून खऱ्या वर्गशिक्षकानं हजेरीपट भरायचा. पण माझ्या अंगात नट! सगळ्यांच्या देखत मी तो लाल कापडी पाठीचा खरा हजेरीपट दोन्ही हातांवर तोलून, राजदंड द्यावा तसा वनिताला दिला. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या नादात मी विसरलो की त्या पटात काय लिहिलेलं आहे.

काय होतं त्यात? माझ्या हस्ताक्षरातला खोटेपणा होता. आठवी बमधली अकरा मुलं नागपंचमीपासून शाळेत आली नव्हती. पराटीत, म्हणजे कपाशीत, तण काढायचं निंदण चालू होतं, आणि ती आईबापासोबत वावरात होती. पटात मात्र ती रोज हजर होती. कारण मुलं घटली तर तुकडी तुटते, आणि तुकडी तुटली तर सगळ्यांत नवा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे फेकला जातो. आमच्यातले नवे म्हणजे झाडे सर. उन्हाळ्यात लग्न झालेले, बायकोला दिवस गेलेले. त्यांच्यासाठी आम्ही सगळे मिळून अकरा लेकरांना रोज शाळेत बसवत होतो. याला आम्ही माणुसकी म्हणत असू.

वनितानं नाव उच्चारलं, मान वर केली, तोंड पाहिलं. तोंड नव्हतं. “मारोती कुठं हाये?” मी व्हरांड्यात चिवडा चावत ऐकत होतो. सगळा वर्ग खिदळत ओरडला, “निंदाले गेला, बाई!” “कवापासून?” “नागपंचमीपासून!” अशी अकरा वेळा विचारपूस झाली. आणि त्या पोरीनं अकरा नावांपुढे लाल शाईनं गैरहजर मांडून, शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरांत लिहिलं: निंदणाला गेला, नागपंचमीपासून. निंदणाला गेली, नागपंचमीपासून. त्याच ओळींत मागे महिनाभर माझे निळे ‘ह’ मुंग्यांसारखे रांगेत उभे होते.

दुपारी हेडसर सहीला बसले आणि खुर्चीतून अर्धे उठलेच. “हे काय करून ठेवलं हो? पुढच्या हप्त्यात पटपडताळणी हाये, अन् ही पोट्टी आपल्याच हातानं आपला गळा कापून राह्यली!” कुणी म्हणालं, आगाऊ आहे. कुणी म्हणालं, शेफारली आहे, तुम्हीच डोक्यावर बसवली.  झाडे सर पांढरेफटक पडले होते. अहो, खरं लिहिणाऱ्याला आगाऊ म्हणायचं, आणि खोटं वळणदार अक्षरात लिहिणाऱ्याला अनुभवी म्हणायचं, हे व्याकरण आम्हाला कुणी शिकवलं? आणि मुलांना आम्ही कोणतं शिकवत होतो?

वनिताला बोलावलं. टेबलावर दोन कोरे कागद होते. हेडसर गोड आवाजात म्हणाले, “हे पाह्य बेटा. या कागदावर लिहून दे, का मी गंमत म्हणून लिहिलं, माझी चुकी झाली. मी त्या कागदावर तुझी शिफारस लिहितो. तू तिकडं लिही, मी इकडं लिहितो.”

“पण सर, ते गंमत नोहती ना,” ती म्हणाली. लुगड्याचा पदर तिनं मुठीत धरला होता. मग ती माझ्याकडे वळली. “सर, तुमीच सांगा. लिहू का?”

आयुष्यात मी शेकडो संवाद म्हटले आहेत. राजाचे, भिकाऱ्याचे, राक्षसाचे. त्या क्षणी मला एकच वाक्य म्हणायचं होतं: मुलीनं लिहिलं ते खरं आहे, खोटं मी लिहिलं आहे. नऊ-दहा शब्द! पण पुढे तुळशीचं लग्न दिसत होतं, मामानं पाहून ठेवलेला पोरगा दिसत होता, झाडे सरांची बायको दिसत होती, आणि खरं सांगू, या सगळ्यांच्या मागे दडून बसलेली माझी स्वतःची नोकरीही दिसत होती. मी म्हणालो, “लिही बेटा. पुढचं पाहा.”

तिनं लिहिलं. त्याच वळणदार अक्षरात. मी शिकवलं होतं तसा समास सोडून.

हेडसरांनी नवा हजेरीपट आणवला आणि मी तीन दिवस बसून ऑगस्ट-सप्टेंबर पुन्हा उतरवून काढला, सगळे हजर. पडताळणीच्या दिवशी ती अकरा मुलं आईबापांना सांगून एका दिवसापुरती आणली. साहेबांनी डोकी मोजली आणि शेरा दिला, समाधानकारक. झाडे सर पेढे घेऊन घरी आले, पाया पडले. तो पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही, असं लिहिलं तर किती शोभून दिसेल! पण उतरला. मी दोन खाल्ले.

राग कुणाचा करावा? हेडसरांचा केला, पुष्कळ वर्षं केला. लेकरांची तोंडं न पाहता नावं मोजणाऱ्या कचेरीचा केला. निंदणाला पोरं नेणाऱ्या आईबापांचा राग करणं सगळ्यांत सोपं होतं, पण ज्याच्या वावरात तण माजलं आहे त्याला मी काय सुनावणार? आणि वनिताचं भलंच झालं, असं म्हणून स्वतःवरचा राग दर वेळी थंड करत आलो. भलं झालंच! वसतिगृह मिळालं, कॉलेज झालं, डी.एड. झालं, नोकरी लागली. आमच्या शाळेतल्या मुलींना मी तिचा दाखला देत असे.

तीन-चार वर्षांपूर्वी एका लग्नासाठी हिंगणीला गेलो होतो. कळलं की पलीकडे जंगलाच्या बाजूच्या एका वस्तीवर वनिता मास्तरीण आहे. गेलो. दोन शिक्षकांची प्राथमिक शाळा. वनितानं पाया पडून खुर्ची दिली, चहा सांगितला. भिंतीवर तिनं स्वतः काढलेली बाराखडी होती. अभिमानानं माझा ऊर भरून आला. मग सवयीनं मी टेबलावरचा हजेरीपट उघडला. चौतीस नावं, चौतीस हजर. समोर सतरंजीवर मुलं होती सतरा.

मी मान वर केली. तिनं माझ्या नजरेतून प्रश्न वाचला आणि अगदी सहज, चहात साखर किती, हे सांगावं तसं म्हणाली, “कापूस वेचणी हाये ना, सर. पट उतरला का एक शिक्षक कमी करते. अन् नवी मीच हाये इथं.”

चहा पिऊन मी निघालो. पायवाट पराटीच्या वावरातूनच जात होती. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कमरेला ओटी बांधून बोंडं वेचत होती. विचारलं, कितवीत आहेस? म्हणाली, तिसरीत. “मग शाळेत काऊन नाही गेलीस? बाई रागावत नाहीत?” तिनं माझ्याकडे, एखाद्या अडाणी म्हाताऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. “बाई कायले रागावते? माझं नाव जाते ना रोज शाळेत.”

मी तिथूनच मागे फिरलो. वनिता दारात उभी होती. काही विसरलं का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, “वनिता, तू त्या दिवशी लिहिलेलं सगळं खरं होतं. खोटं माझं होतं. हे मी तेव्हाच हेडसरांपुढे म्हणायला हवं होतं.”

तिनं दाराची कडी मुठीत धरली. इतकी वर्षं जो राग मी माझा म्हणून मिरवत होतो, कधी हेडसरांवर तर कधी कचेरीवर पाखडत होतो, तो माझा नव्हताच. त्याची खरी धनीण समोर उभी होती, आणि तिनं तो एकदाही कुणापुढे उघडा केला नव्हता.

“तवाच म्हणाचं होतं, सर,” ती म्हणाली. आणि वर्गात जाऊन तिनं दार लोटून घेतलं.