तुरीतला राक्षस

खरं तर मी लिहायला बसावं, अशी माझी पात्रता नाही. आमच्या घरातलं आजवरचं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे थोरल्या काकांची लग्नपत्रिका, आणि तीही छापखानेवाल्यानेच लिहून दिली होती. पण कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. त्यामुळे "तूच लिही" असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. चुकलंमाकलं तर माफ करा.

तर, मागच्या हिवाळ्यात मी राक्षस झालो.

कारण माझी ताई. बारावीनंतर ती दारव्ह्याच्या एका स्टुडिओत काम शिकली आणि एक जुना कॅमेरा घेऊन आमच्या गावी, बोरी अरबला, घरीच फोटोचा धंदा तिने सुरू केला. गिऱ्हाईक मात्र एकही येईना. शेवटी बाबांनी सांगून टाकलं, "संक्रांतीपर्यंत एक तरी ऑर्डर आण. नाही तं कॅमेरा विकू अन् तू शिलाई शिकाले जाय."

(ताईला अजून सुईत दोरा ओवता येत नाही. तिच्या दृष्टीने ही जन्मठेप होती!)

शहरातले लोक पऱ्या आणि राक्षस होऊन फोटो काढतात, हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं. "असे नमुने दाखवले ना, लोकं रांग लावतीन!" त्यात मामाचा छोटा हत्ती मुकुटबनला मावशीकडे निघाला. (हत्ती म्हणजे मालवाहू गाडी.) वाटेत थांबत थांबत फोटो काढायचे ठरले. परी व्हायला कोणी तयार होईना. राक्षसाला कोणी विचारलंच नाही.

शिंगं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची केली, वरून काळी टेप. दाढी घरच्या कापसाची. तोंडाला लावायला आईने पोळ्याचा उरलेला निळा रंग काढून दिला.

"आई, हा बैलाच्या शिंगाचा आहे!"

"मंग? बैलं बोलले काही?"

शिंगांचा रंग म्हणजे चक्क ऑइलपेंट, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरी त्या वेळी ते एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. रंग फक्त माझ्या चेहऱ्यात मुरला.

पांढरकवड्यापर्यंत मी गाडीच्या मागच्या हौद्यात गारठून बसलो होतो. चहाच्या टपरीवाल्याने मला नीट न्याहाळलं.

"कोन्त्या गावची दंडार व्हय?" (दंडार म्हणजे आमच्याकडचं सोंगं घेऊन करायचं लोकनाट्य.)

"दंडार नाही, फोटोशूट हाय," मामा म्हणाला.

"आलं जास्त टाकतो. राक्षसाले सर्दी झालेली दिसते."

ताईने टपरीपाशी, पुलाजवळ, मैलाच्या दगडावर असे फोटो काढले. प्रत्येक फोटोत मी शिंकायच्या बेतात! ताईचा चेहरा उतरत चालला. संक्रांत जवळ आली होती.

मुकुटबनच्या अलीकडे एक शेत लागलं. पुढे हरभरा, मागे डोक्याएवढी उंच तूर, आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून चारही बाजूंनी बांधलेल्या जुन्या साड्या. त्यातली एक लाल साडी ताईने सोडली आणि राक्षसाची झूल म्हणून माझ्या खांद्यावर टाकली.

"ताई, कोनाची आहे ते!"

"जाताना बांधून देऊ ना! तू तुरीत घूस. मी 'ये' म्हणलं का भयानक होऊन बाहेर ये."

मी घुसलो आणि भयानक व्हायचा प्रयत्न करू लागलो. तेवढ्यात बाजूची तूर हलली.

"ताई, तू आत आली काय?"

"मी काहून येऊ? मी इथंच हावो!"

पुढे खुरखुर झाली आणि तीन डुकरं माझ्यासमोरून हरभऱ्याकडे सुटली. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच मागेही खुरखुर झाली. चौथं माझ्या मागे होतं!

मी बोंब मारली आणि पळालो. पळायला वाट एकच होती, पहिल्या तिघांची. पुढे डुकरं, मधे मी, मागे डुक्कर. लाल साडी वाऱ्यावर, दाढी एका कानाला लटकलेली.

"अस्साच पळ! भारी येऊन राह्यलं!" ताई ओरडत होती.

"माय वं! वाचव!"

"तोंड अजून उघड!"

हरभरा संपला, डुकरं नाल्यात उतरली आणि मी थेट एका म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी कोसळलो. ते शेताचे मालक, किसनकाका. हातात काठी होती.

"कोन बे तू?"

"बी.ए. प्रथम वर्ष," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या शिंगांकडे पाहिलं, मग नाल्याकडे. मागचं डुक्कर तुरीतल्या तुरीतच परत वळलं होतं; ते त्यांना दिसलंच नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक निळा प्राणी त्यांच्या शेतातली डुकरं हाकलतो आहे.

"साडी सोडली म्हून चिडनार होतो," ते हळूच म्हणाले. "पन तू तं कामाचा मानूस निघाला गड्या." त्यांनी कॅमेऱ्यातले फोटो पाहिले आणि ताईकडून तिचा नंबर घेतला. ताईने साडी पुन्हा बांधली, दोन गाठी जास्तच मारल्या.

रंग खोबरेल तेलाने निघेना. कानामागे निळा राहून मी कॉलेजात गेलो, तोंडी परीक्षाही दिली. घरी बाबा कॅमेऱ्याला गिऱ्हाईक पाहत होते.

भोगीच्या दिवशी ताईचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, कळेना.

"आली रे! ऑर्डर आली! बाबा म्हंते, कॅमेरा राहू दे."

"कोनाच्या लग्नाची?"

"लग्नाची नाही. किसनकाकाची. तुह्या पळतानाच्या फोटोचे मोठे मोठे फ्लेक्स पाह्यजेत. हरभऱ्यात लावाले. शेजारच्या शेतवाल्यायनं बी सांगितले."

कॉलेजात जाणारा घरातला पहिला मी. शिक्षण संपायच्या आधीच नोकरीला लागलेलाही मीच. सध्या मुकुटबनच्या शिवारात दिवसरात्र ड्युटीवर उभा आहे. डुकरं घाबरतात म्हणे. त्या फोटोत मी त्यांच्याच भीतीने पळतो आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगू नये!