दाराआडचं घोरणं

आमच्या छोट्या शस्त्रक्रिया केंद्रात सकाळी आलेला पेशंट संध्याकाळी घरी जातो. शिरेतून भूल देते मी. पण त्याच्या उशाशी उभ्या असतात त्या आमच्या मावशी. चोवीस वर्षं झाली. टेबल पुसण्यापासून घाबरलेल्याचा हात धरण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. तोंडाचा पट्टा अखंड चालू. औषध शिरेत गेलं की मात्र चिडीचूप. मग नजर फक्त पेशंटच्या छातीवर. "मावशी, मॉनिटर आहे की," म्हटलं तर म्हणायच्या, "असू दे बिचारा, त्यालाही सोबत होते." त्या बाईवर माझा फार जीव आहे.

परवा त्यांच्याच नवऱ्याच्या दंडावरची गाठ काढायची होती. काका ट्रकचालक, अंगानं भरदार.

"घोरता का?" मी विचारलं.

"छे! मुळीच नाही."

मावशींनी कपाळावर हात मारला. "मॅडम, शेजारी घर बदलून गेले!"

नातेवाईक आत नको, हा नियम माझाच. मावशींना बाहेर बसवलं. त्यांचा चेहरा उतरला, पण मी एकदा ठरवलं की कुणाचं ऐकत नाही. घरीही याच कारणानं बोलणी खाते.

औषध गेलं, काका घोरायला लागले. सर्जननं गाठीला हात घातला. मी पुढचं इंजेक्शन भरायला वळले. ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याण्णव, सगळं आलबेल. तेवढ्यात दार ढकलून मावशी आत.

"मॅडम, घोरणं थांबलंय! दाराला कान लावून होते मी. ह्यांचं असं थांबलं की घरी कोपर मारते!"

रागवायला तोंड उघडलं आणि काकांच्या छातीकडे पाहिलं. हलत नव्हती. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की श्वास थांबला तरी आकडा उशिरा पडतो, हे इतरांना शिकवणारी मी! मान मागे केली, जबडा पुढे उचलला. तरी काहीच नाही. मावशी पायांशी उभ्या, "अहो, घ्या ना श्वास," एवढंच पुटपुटत होत्या. मी जबडा आणखी उचलला. घशात खरखर झाली, छाती वर आली आणि काका पुन्हा गडगडायला लागले.

मावशींना मी परत बाहेर पाठवलं नाही. उशाशी स्टूल सरकवून दिलं.

दुपारी काका आरामाच्या खोलीत कुशीवर झोपले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाई वैतागल्या, "काय हे घोरणं! उठवा की त्यांना."

त्या खोलीत एरवी चमचा पडला तरी डोळे वटारणाऱ्या मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "घोरू द्या हो. आज हवं तेवढं घोरू द्या त्यांना."