अण्णांचा लॅपटॉप आणि माझी थाप

अण्णांच्या मुलीचा, सुरेखाचा, फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. "काका, अण्णा गेले सकाळी…" एवढंच ती बोलू शकली. सांगायची लाज वाटते, पण रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, माणूस माझ्यावरचा संशय सोबत घेऊनच गेला. पाच महिने आमचं बोलणं नव्हतं. आमच्या घरांमध्ये अंतर मात्र दोनच गल्ल्यांचं.

उमेदीच्या काळात अण्णा तंबूतल्या सिनेमाचे ऑपरेटर होते. येरमाळ्याची जत्रा असो की ढोकीचा गळीत हंगाम, माणूस जमेल तिथं त्यांचा तंबू. रिळं पाठवणारे मधलंच एखादं गाणं कापून घ्यायचे आणि पब्लिकच्या शिव्या ऑपरेटरला बसायच्या. म्हणून रीळ चढवण्याआधी ते बोटांतून फिरवून जोड चाचपायची त्यांना सवय लागली. पुढं ते सगळंच असं चाचपून घेऊ लागले. कलिंगडवाल्यानं आपणहून कापून दाखवलं की अण्णा शेजारचं उचलत. मी शाळेत गणित शिकवलं, पण माझे पाढेही ते मनातल्या मनात तपासत असावेत!

सुरेखानं त्यांना पुण्याहून एका जुन्या सिनेमाची ब्लू-रे डिस्क आणून दिली. तो सिनेमा त्यांनी कितीदा दाखवला असेल, पण सलग कधीच पाहिला नव्हता. "ऑपरेटरला सिनेमा दिसत न्हाय गुरुजी, पब्लिकच्या माना दिसत्यात," ते म्हणायचे. आता वहिनींशेजारी खुर्ची टाकून तो एकदा, कुठंही न अडकता, बघायचा होता. त्यासाठी लॅपटॉप हवा, आणि शाळेतला कॉम्प्युटर हाताळलेला म्हणून जाणकार मी. आम्ही धाराशिवला गेलो. दुकानदारानं कौतुकानं धबधब्याचं चित्र लावलं. "ह्यो त्याचा पढवलेला पोपट हाय," अण्णा माझ्या कानात म्हणाले आणि दुकानदाराला म्हणाले, "एखाद्या सिनेमाच्या शेवटच्या पाट्या लावा." नावं वर सरकताना अक्षरं थरथरली की मशीन कच्चं, हा त्यांचा हिशेब. तीन लॅपटॉप नापास झाले, चौथा पास झाला. मग दुकानदार म्हणाला, डिस्कसाठी ड्राइव्ह बाहेरून जोडावा लागेल. अण्णांचे डोळे बारीक झाले. "बैल घेतल्यावर शिंगं येगळी घ्यायची व्हय?" त्यांना डिस्क तिथंच लावून बघायची होती. एसटी चुकेल म्हणून मला घाई. समोरचा एक ड्राइव्ह उचलून मी म्हणालो, "अण्णा, मी सांगतोय ना!" आणि त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा एक वस्तू न तपासता घेतली.

घरी वहिनींनी खुर्च्या मांडल्या होत्या. डिस्क घातली; घरघर झाली, चित्र काही येईना. मी ड्राइव्ह उलटा करून पाहिला. तो नुसता डीव्हीडीचा होता. त्याला ब्लू-रे वाचताच येणार नव्हती. चुकलो म्हणायला दोन शब्द लागले असते… पण जाणकारपणा आडवा आला. "तुमची डिस्कच खराब आहे," मी थाप मारली. अण्णांनी डिस्क दोन बोटांनी कडेला धरली, ट्यूबलाइटखाली फिरवून पाहिली. "डिस्क नवी हाय, गुरुजी." त्यांनी ती जपून डबीत ठेवली.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. टपरीवर दोघं हसले की मला वाटे, अण्णांनी सांगितलं असणार, गुरुजींचं दुकानदाराशी साटंलोटं आहे. ते दिसले की मी रस्ता बदलायचो. एकदा ते घरी आले. फैलावर घ्यायलाच आले असणार म्हणून मी आतल्या खोलीत बसलो आणि बायकोला 'नाहीत' म्हणायला लावलं. खिडकीच्या फटीतून त्यांची पाठ दिसली, कोपऱ्यावर वळेपर्यंत.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी गेलो. टेबलावर लॅपटॉप होता, त्याला दुसराच ड्राइव्ह जोडलेला. "सुरेखानं आठवड्यातच धाडला," वहिनी म्हणाल्या. "ब्लू-रेचा. त्यांनी पाट्या लावून बघितल्या. लोण्यावानी सरकत्यात म्हनले."

"मग सिनेमा आवडला का त्यांना?"

"बघितला कुठं? गुरुजी आल्यावर लावू म्हनायचे. एकदा बोलवायला बी आले होते, तुमी घरी नव्हता."

"घरीच होतो, वहिनी…" मी म्हणालो. "आणि डिस्क खराब नव्हती. मी चुकीचा ड्राइव्ह घेतला होता."

"ते त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. म्हनले, गुरुजीला खोटं बोलताच येत न्हाय, लगेच दिसतंय. असा मानूस लई भरवशाचा."

वहिनींनी डिस्क लावली. सिनेमा सुरू झाला, शेवटपर्यंत कुठंही अडकला नाही. वहिनी मधेमधे हसत होत्या. मला त्यातलं एकही दृश्य आठवत नाही. पाच महिने अण्णा माझ्यासाठी तो सिनेमा न बघता थांबले, आणि मी दाराआड बसून त्यांच्यावरच संशय घेत राहिलो.